आधी टाक, मग बघ

उंब्रजला हायवेलगत आमच्या बातम्यांच्या पेजचं ऑफिस आहे. पाच वर्षं मी तिथं टायपिंग करतोय. किस्से इतके साठलेत की सांगताना हसू येतं आणि हसून झालं की डोकं फिरतं. मालक अण्णांचा नियम एकच, "आधी टाक, मग बघ." माझं म्हणणं एवढंच, की टाकायच्या आधी एक फोन करू.

०००

लोणंदचे एक गुरुजी रिटायर झाले. आम्ही गळ्यात हार घातलेला त्यांचा फोटो टाकला. वरच्या चार ओळी वाचायला कुणाला सवड आहे? एकानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि खाली रांगच लागली. शेवटी गुरुजींनी स्वतः लिहिलं, "आभारी आहे. घरीच आहे, चहाला या."

त्याखालीही दोघांनी हात जोडले.

०००

शेजारच्या गावातली एक मुलगी सैन्यभरतीत धावण्यात पास झाली. मेडिकल बाकी होतं. अण्णांनी 'सैन्यात निवड' असं टाकलंसुद्धा. गावानं फ्लेक्स लावला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली. यादीत तिचं नाव आलंच नाही.

"अण्णा, चुकलं म्हणून लिहूया."

"लय चाललीया ती पोस्ट. ऱ्हाऊ दे की गड्या."

ती पोरगी अजून स्टँडवर येताना तोंडाला स्कार्फ बांधते. त्या दिवशी अण्णांच्या हातातला मोबाइल फोडावासा वाटला होता.

०००

हा मात्र माझा स्वतःचा. माण तालुक्यातले मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली कराडकडं उतरतात आणि गावाकडं पाऊस झाला की परततात. जूनमध्ये भरून वाहणाऱ्या ओढ्याचा एक फोटो फॉरवर्ड होऊन आला. अण्णा म्हणाले, "टाक लगेच, दुसरा कोणतरी टाकंल." मी टाकला. 'माणमध्ये दहिवडी परिसरात दमदार पाऊस.' फोन केला नाही. मी, फोन करू म्हणणारा.

फोटो जुना होता. कुठला, ते आजही माहीत नाही.

दहा-बारा दिवसांनी एक म्हातारे मेंढपाळ पत्ता विचारत ऑफिसात आले. बातमी वाचून कराडजवळून कळप माघारी नेला होता. गावाकडं गवताची काडी नव्हती. चार कोकरं वाटेतच गेली. अण्णा चहाला म्हणून सटकले.

म्हाताऱ्यानं आवाज चढवला नाही. मोबाइलवरची आमची पोस्ट माझ्यापुढं धरली.

"आवं सायेब, ह्यो फोटूतला वढा कुठला हाय तेवढं सांगा. मेंढरं तिकडं न्हेतो."