समोरच्याची उत्तम चाल

बोलता बोलता सर मधेच उठायचे, टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "थांबा म्याडम, जरा समोरून बघू." बुद्धिबळवाल्यांची ही खोड तुम्हीही पाहिली असेल. माझे बाकीचे अशील मात्र दचकायचे.

पेणला ते मुलांना बुद्धिबळ शिकवत. खेळलेल्या डावातल्या चुका मराठीत समजावून सांगणारं सॉफ्टवेअर त्यांनी एकट्यानं बनवलं होतं. आमच्या रोह्यातले क्लासही तेच वापरायचे. मग ज्या बड्या कंपनीच्या ॲपवर झाडून सगळी पोरं खेळतात, तिनं डावांची तपासणी, कोडी, स्पर्धांच्या जोड्या असं सगळं एकाच गाठोड्यात बांधलं. खेळायचं तर अख्खं गाठोडं घ्या! मग सरांना कोण विचारतो?

"बड्या कंपन्यांच्या अशा दांडगाईविरुद्ध दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे तक्रार करता येते," मी म्हटलं खरं. जन्मभर सातबाऱ्याची कामं केलेली मी वकील. बोलून बसले आणि घरी जाऊन तो कायदा पहिल्यांदाच उघडला.

त्यांची भीती वेगळीच. तपासायचे डाव त्या ॲपवरूनच यायचे.

"त्यांनी नळ बंद केला तर माझं सॉफ्टवेअर मेलं हो. दुसरं काय हाय माझ्याकडं?"

"असं कसं करतील? कायदा आहे," मी ठणकावलं. त्यानंतर साधा फोन वाजला तरी आम्ही दोघं दचकायचो.

मसुदा त्यांनीच लिहून आणला. मी भाषा सुधारली, पण घाईत शेवटचं पान वाचलंच नाही. घात तिथंच झाला. डाव लिहिताना समोरच्याची उत्तम चालही लिहायची, ही त्यांची शिस्त. इथंही त्यांनी लिहिलं होतं, 'यावर कंपनीचं सर्वांत चांगलं उत्तर असं, की सगळं एकत्र मिळाल्यानं मुलांची सोयच होते.'

कंपनीच्या उत्तरात पहिलं वाक्य तेच. तक्रार फेटाळली गेली. पुढच्याच आठवड्यात सरांचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मी आधी ओळखलाच नाही.

"म्याडम, डाव यायचे बंद झाले."

अपील करता येत होतं. कागद घेऊन मी पेणला गेले. सहीसाठी त्यांनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"अजून काय काय बंद करतील हो?"

'मी आहे ना,' एवढंच म्हणायचं होतं मला. त्याऐवजी मी कागद गोळा करून पिशवीत घातले.

मुदत टळली. सर भावाकडे गुजरातेत गेले, आता फोनही लागत नाही. तुम्हाला म्हणून सांगते, त्यांनी सही केली नाही तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.