बुर्गीचे तुरे आणि लिंडेची संत्री

ऑस्ट्रियातल्या हालाइन गावच्या चर्चमधल्या नाताळाआधीच्या विक्रीत मसाल्याचे तुरे करावेत ते बुर्गीनंच, असं सव्वीस वर्षं सगळे म्हणत आले होते. लवंगा, दालचिनी, चक्रफुलं आणि जायफळ बारीक सोनेरी तारेनं गुंफून ती मूठभर तुरा बांधायची. खिडकीपाशी टांगला की हिवाळाभर घर दरवळायचं. पोस्टात टपाल लावून तिची बोटं राठ झाली होती, पण लवंगेचं बोंड कधी मोडलं नाही.

यंदा समोरच्या घरात व्हिएन्नाहून लिंडे राहायला आली. विक्रीच्या पहिल्याच बैठकीला तिनं लवंगांची नक्षी टोचलेली संत्री आणली. फादरनी एक नाकाशी धरलं, डोळे मिटले. “वा! यंदा काहीतरी नवीन!”

बुर्गीचा तुरा त्यांनी कधी असा डोळे मिटून हुंगला नव्हता.

घरी येऊन ती दालचिनी कडाकडा मोडायला लागली.

“कुणावर राग काढतेस?” नवऱ्यानं, कोर्बीनं विचारलं.

“राग कसला? संत्र्याला लवंगा टोचायला काय अक्कल लागते?”

“म्हणूनच तू कधी टोचल्या नाहीस वाटतं!” कोर्बी हसला. तिनं आणखी एक कांडी मोडली.

दोन दिवसांनी लिंडे दारात. “बुर्गीताई, चाळीस संत्री झालीत. विक्रीपर्यंत टिकवू कशी? आजवर दोनचारच करायचे, लगेच वाटून टाकायचे.”

दालचिनीच्या पुडीत घोळवायची, शेगडीजवळ उघड्यावर वाळवायची, रोज फिरवायची. हे बुर्गीला आईनं लहानपणी शिकवलं होतं.

“डब्यात ठेव,” ती म्हणाली. “झाकण घट्ट लाव. वास उडत नाही.”

“बरं झालं बाई तुम्हाला विचारलं!”

खरं सांगून टाकावं असं बुर्गीला नंतर वाटलं नाही असं नाही. पण बेकरीत गेली की कुणीतरी लिंडेच्या संत्र्यांचंच कौतुक काढी, आणि ती न सांगताच घरी येई.

विक्रीच्या आदल्या दिवशी दुपारी लिंडे रडतच आली. सगळी संत्री बुरसली होती. “माझंच चुकलं. डबे ओले राहिले असतील.”

बुर्गीला तिच्याकडे बघवेना. तिनं आपले पंधरा तुरे टोपलीत भरून दिले. “घे. तुझं टेबल रिकामं नको.”

रविवारी लिंडेच्या टेबलाभोवती गर्दी जमली. “लिंडे, काय हात आहे गं तुझा!” कुणीतरी म्हणालं.

“ते माझे आहेत!” बुर्गी ओरडली. सगळे वळले.

“हो, ताईंचेच,” लिंडे शांतपणे म्हणाली. “माझी संत्री डब्यात सडली. ताईंनी सावरून घेतलं.”

या चांगुलपणानं बुर्गीचा उरलासुरला धीर सुटला. “डब्यात ठेवायला मीच सांगितलं होतं. सडतात हे ठाऊक असून.”

लिंडेनं कोट घातला, टोपली बुर्गीच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. हिवाळाभर तिनं समोरची खिडकी उघडली की बुर्गीला बघून ती लावून घेई. वसंतात बुर्गीनं कोर्बीच्या हाती माफीची चिठ्ठी पाठवली, तिला लिंडेकडून उत्तर म्हणून फक्त “वाचली” एवढंच आलं.

पुढच्या वर्षीच्या विक्रीत लिंडेची संत्री खणखणीत वाळली होती. बुर्गी स्वतः उठून गेली, एक विकत घेतलं. “छान झालीत,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

“बसा थोडं,” लिंडे म्हणाली.

बुर्गी बसली. पण तेवढ्यात फादर आले आणि थेट संत्र्यांकडेच वळले, तेव्हा तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.