चिंच कुणाच्या बाजूला

माझ्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन मी आमच्याच घराच्या ओटीवर भरवलं, आणि मुहूर्त असा गाठला की त्याच आठवड्यात शेताची मोजणी होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी पालीकडची. लग्न होऊन इथे रेवसच्या बाजूला आले त्याला पुष्कळ वर्षं झाली. बांधावरून भांडणं आमच्या माहेरीही होतात, पण चित्रातल्या बांधावरून झालेलं भांडण मी तोवर ऐकलं नव्हतं.

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचे रंग घरात राहिले, तिथून हे सुरू झालं. दुपारी नवरा कंपनीत, सासूबाई झोपलेल्या. मी मोबाइलवर बघून बघून शिकत गेले, आधी कागदावर आणि मग हिंमत करून कॅनव्हासवर. नवरा कामावरून आला की चित्राकडे बघून ‘हं’ म्हणायचा आणि चहा मागायचा. सासूबाई म्हणायच्या, ‘कपड्यांना रंग लागतो, तेवढं बघ.’ मला राग यायचा, पण राग गिळायची सवय होती.

मग मी मागच्या दारातून दिसतं ते काढलं. आमचं भातशेत, त्याच्या कडेचा बांध, चिंचेचं झाड आणि पलीकडे खाडी. हे चित्र मोठं होतं आणि त्याला बरेच महिने लागले. ते पुरं झालं त्या दिवशी नवरा त्याच्यासमोर उभा राहिला आणि चहा न मागता म्हणाला, ‘छान झालंय.’ सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी शेजारणीला बोलावून दाखवलं. मी इतकी हुरळले की त्या रात्री भाताला मीठ दोनदा पडलं. सगळे मुकाट जेवले.

गावात मुंबईकरांचे बंगले झालेत. त्यातल्या एका बाईंनी सुचवलं की चित्रं घरातच मांड, सुट्टीला लोक येतात, घरी येऊन बघायला त्यांना आवडतं. म्हणून ओटी रिकामी केली. भिंतीवरची कॅलेंडरं उतरवली. सासऱ्यांचा हार घातलेला फोटो मात्र सासूबाईंनी हलवू दिला नाही, त्यामुळे तो दोन चित्रांच्या मध्ये राहिला आणि सकाळीच एका पाहुण्याने त्याची किंमत विचारली. खिळे ठोकायला नवरा नको म्हणाला होता, पण मोठ्या चित्रासाठी त्याने स्वतः खिळा ठोकला, अगदी दारासमोर. ‘आत शिरला की पहिलं हेच दिसलं पाहिजे,’ म्हणाला. मला वाटलं, अखेर याला माझं काही आवडलं.

गावातल्या बायका नारळ घेऊन आल्या. घरात पूजा असेल असं त्यांना वाटलं होतं. चपला काढून, पदर सावरून त्या चित्रांसमोरून फिरल्या आणि मोठ्या चित्रापाशी आल्या की एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने दुसरीला कोपर मारलं. मी विचारलं, ‘काय झालं?’ तर म्हणे काही नाही, चांगलं हाय. पण त्या लगबगीने गेल्या, लाडूसुद्धा अर्धे टाकून.

जेवणाच्या आधी चुलत दीर आले. त्यांचं शेत आमच्याला लागून. दोन घरांत बोलणं जेमतेम, लग्नाकार्यापुरतं. ते ओटीवर चढले, बाकी कशाकडे न बघता थेट मोठ्या चित्रासमोर उभे राहिले. किती तरी वेळ हलले नाहीत. माझ्या हातात त्यांच्यासाठी आणलेला चहा तसाच.

‘वयनी, ही चिंच इकडं कशी आली?’

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, ‘भावजी, तीच आहे ना मागची.’

‘मागची चिंच बांधाच्या पलीकडं हाय. आमच्या बाजूला. तुमी ती तुमच्या बाजूला काढलीत.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झाड जिथे आहे तिथे काढलं की सगळं चित्र एका कुशीला कलंडत होतं, म्हणून मी ते बांधाच्या अलीकडे आणलं होतं. मला तोल साधायचा होता, एवढंच. पण त्या चिंचेखालच्या पट्ट्यावरून दोन घरांत वाद होता. पट्टा ज्याचा, त्याला रस्त्याला लागायची वाट मिळते, आणि वाट असली की बंगलेवाले जमिनीचा भाव वेगळा करतात. हे मला ठाऊक होतं. चित्र काढताना आठवलं नव्हतं, इतकंच.

मी सांगायला तोंड उघडलं तोच नवरा आतून आला. ‘काढलीय ती बरोबर काढलीय,’ तो म्हणाला.

‘व्हय काय? आणि मोजणीच्या तोंडावर मुद्दाम गावाला दाखवायला लावलीय?’

‘घर माझं, भिंत माझी.’

‘मोजणीवाले पाणी प्यायला याच ओटीवर बसणार. समोर हे. मला काय कळत न्हाय?’

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणाचा आवाज चढला नाही, पण दिरांच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या आणि नवऱ्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले. याआधी एकदा हेच हात उगारले गेले होते, भर शेतात, आणि भांडण सोडवायला गाव धावलं होतं. ‘हे चित्र आत्ता उतरवा,’ दीर म्हणाले, ‘न्हायतर मी मोजणी होऊच देत न्हाय. माणसं आणून बसवतो बांधावर.’

नेमक्या त्याच वेळी फाटकातून एक वयस्कर बाई आल्या. मुंबईच्या, सकाळच्या लाँचने रेवसला उतरलेल्या, बंगलेवाल्या बाईंच्या ओळखीच्या. त्यांना काय कल्पना. त्यांनी सगळी चित्रं सावकाश पाहिली, मोठ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘हे मी घेते. दुपारच्या लाँचने परत जायचंय, बांधून मिळेल का?’

माझं पहिलं चित्र विकलं जात होतं. मी हो म्हणणार, तर नवरा मध्येच म्हणाला, ‘ते विकायचं नाहीये. ते घरातच राहणार. सगळ्यात चांगलं तेच आहे.’

खरं सांगते, मी विरघळले. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल असं क्षणभर वाटून गेलं. बाईंना बसवून मी आत पाणी आणायला गेले, तर तो मागोमाग स्वयंपाकघरात आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, ‘मोजणी होऊ दे. मग दे कुणालाही.’

मी तांब्या तसाच ओट्यावर ठेवला. छान झालंय म्हणाला तो, स्वतः खिळा ठोकला तो, शेजारणीला बोलावून दाखवलं त्या सासूबाई, सगळं एकदम उलगडलं. इतके दिवस माझ्या घरात कौतुक चाललं होतं ते चिंचेचं.

बाहेर आले तेव्हा दीर ओटीच्या पायरीवर फोन लावत होते, माणसं बोलवायला. मी सगळ्यांसमोर, बाईंसमोरसुद्धा, म्हणाले, ‘झाड बांधाच्या पलीकडे आहे. भावजींच्या बाजूला. मी ते चित्रासाठी अलीकडे आणलं. खरं तिथे तसं नाही.’

दिरांनी फोन खाली घेतला. नवरा चपला घालून गाडीला किक मारून निघून गेला. सासूबाई आत वळता वळता म्हणाल्या, ‘हिला हे घर आपलं वाटलंच न्हाय कधी.’ तो घाव अजून बुजलेला नाही. दिरांनी गार झालेला चहा उभ्यानेच घेतला आणि ते फाटकाबाहेर पडले.

बाई अवघडून उठल्या होत्या. मी म्हटलं, ‘तुम्हाला आता नको असेल. झाड खोट्या जागी आहे.’

‘झाडाचं मला काय करायचंय,’ त्या म्हणाल्या, ‘मी तर या माणसासाठी घेतेय.’ त्यांनी बोट ठेवलं तिथे बांधावरून एक माणूस येत होता, निळा शर्ट, हातात डबा, चालण्यात दिवसभराचा थकवा. ‘याला घरी जायची किती घाई आहे. कोण आहे हा?’

‘आमच्याच घरातला,’ मी म्हणाले. जुन्या चादरीत चित्र बांधून दिलं आणि रिक्षापर्यंत पोचवून आले.

नवरा दिवेलागणीला परतला. रोज कंपनीच्या बसमधून उतरून येतो तसाच, मागच्या बांधावरून चालत, कारण गाडी रस्त्यात बंद पडली होती. ओटीवर बसून त्याने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

‘विकलंस?’

‘हो.’

‘आधी मला सांगायचं होतंस.’

‘तुम्ही छान म्हणालात. मला वाटलं, चित्र आवडलं.’

‘आवडलंच होतं.’

‘मग सांगा, काय काय होतं त्यात?’

त्याला वाटलं मी भांडण उकरून काढतेय. पण मी शांतपणे विचारत होते, मला खरंच ऐकायचं होतं. तो मोकळ्या भिंतीकडे बघत आठवू लागला.

‘चिंच,’ तो म्हणाला. ‘बांध. शेत. मागे खाडी.’ चार बोटं मोजून झाली. ‘आणखी काय होतं त्यात? कुणी नव्हतं.’