दोन अँटेना आणि एक कोयता

रत्नागिरीत आमच्या आळीत मला अजून कोयतेवाला म्हणतात. कोयता उचलण्याआधी मी काय करून दाखवलं होतं, ते कुणी सांगत नाही. म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकात मी टीव्हीच्या अँटेना लावायचो. पाइप स्वतः कापून, भाव कमी ठेवून दुकान उभं केलं. समोरच्या दुकानदाराने मुंबईहून हलके बूस्टर आणले आणि एक आपल्याच घरावर लावला. तो सिग्नल वाढवण्याऐवजी स्वतःच गोंगाट बाहेर फेकायचा. आळीतल्या प्रत्येक पडद्यावर काळे पट्टे. लोक माझी अँटेना उतरवायचे आणि पट्टे घालवायला त्याचाच बूस्टर घ्यायचे.

शेवटी एकट्या गुरुजींच्या घरावर माझी अँटेना उरली. "रविवारपर्यंत चित्र साफ कर," ते म्हणाले, "नाहीतर तुझा सांगाडा घेऊन जा."

मी समोरच्याला बूस्टर बंद करायला सांगितलं.

"मेल्या, पाइप विकतोस ना, पाइप वीक. सिग्नलातलं तुला काय कळतंय?"

हातातला पाइप मी त्याच्या तोंडावर मारला. ओठ फाटला. त्याने माझी करंगळी धरून उलटी मोडली.

माझा मामेभाऊ नौदलात रडारवर होता, सुट्टीवर आलेला. करंगळीला कामटी बांधताना म्हणाला, "रडार आंधळं करायला शत्रू गोंगाट सोडतो. तेव्हा एक जादा कान, म्हणजे दुसरी अँटेना, त्याच्याकडेच लावायचा. त्याचा गोंगाट वेगळा ऐकायचा, उलटा करायचा आणि पहिल्या कानातून वजा करायचा."

"आणि शत्रू हलला तर?"

"यंत्र आपलं आपण परत जुळवतं. तुझा शत्रू कुठे हलतोय? त्याचा खांब चिऱ्याच्या भिंतीत पाचर मारून रोवलाय."

गुरुजींच्या कौलांवर मी दुसरी अँटेना चढवली, तोंड थेट त्याच्या खांबाकडे. दोन्हींच्या वायरी एकत्र जोडल्या. लांबी नेमकी जमली की दुसरीतला गोंगाट उलटा पोचून पहिलीतला खोडतो, म्हणून दुसरीची वायर बोट बोट कापत गेलो. खिडकीतून गुरुजींची बायको, आमच्या काकू, सांगायच्या, "आहेत पट्टे. आहेत. बारीक झाले रे." शनिवारी संध्याकाळी त्या म्हणाल्या, "गेले."

रविवारी सकाळी अख्खी आळी गुरुजींच्या ओटीवर. चित्र काचेसारखं. अर्ध्या तासात पट्टे परत आले. समोरच्या छपरावर तो, सुजलेल्या ओठाने, पाचर सैल करून खांब फिरवत होता. मी वर चढून वायर कापली, पट्टे गेले. त्याने पुन्हा खांब फिरवला. असं चार वेळा. पाचव्या वेळी कापायला वायरच उरली नाही.

"संपली काय रे अक्कल?" तो वरून म्हणाला. ओटीवरची माणसं हसली.

मी कोयता घेतला, मधला दगडी गडगा ओलांडला, त्याच्या छपरावर चढलो. खांब पोफळीचा होता, तीन घावांत तुटला. तो अंगावर आला. मी कोयत्याची पाठ त्याच्या खांद्यात घातली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. कौलं फोडून तो खाली पडला.

खांब तुटला त्याच क्षणी आळीतले सगळे पडदे साफ झाले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी माझ्या दोन्ही अँटेना उतरवून दारात ठेवल्या. "चित्र चांगलं होतं," ते म्हणाले, "पण असल्या माणसाची वस्तू घरावर नको."

वायर हातभर लांब घेतली असती तर कोयत्याची गरज पडली नसती. गुरुजींना तेव्हा सांगितलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं.