डावीकडनं वाढायचं, उजवीकडनं उचलायचं

हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली माणसं एकत्र जमली की हॉटेलांविषयी चकार शब्द काढत नाहीत. कॉलेजचेच किस्से निघतात. आमच्या भिवंडीच्या कॉलेजात तीन वर्षांत ज्ञान किती मिळालं ते विचारू नका, किस्से मात्र अजून पुरतायत.

*

माहितीपत्रकावर स्विमिंग पूल होता. प्रत्यक्षात कॉलेज पॉवरलूमच्या कारखान्यावर, दुसऱ्या मजल्यावर.

"सर, पूल कुठाय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

पाठारे सर शांतपणे म्हणाले, "जिथे नोकरी लागेल तिथे!"

*

खालचे लूम सुरू झाले की आमची टेबलं थरथरायची. ग्लास आपोआप कडेला निघायचे. सरांना त्याचंही कौतुक. "यावर सर्व्हिस जमली की जहाजावर नोकरी पक्की!"

माझा मित्र जगदीश, म्हणजे आमचा जग्या, यात तरबेज. एक थेंब सांडत नसे. एकदा लोडशेडिंगमुळे लूम बंद पडले. टेबल गप्प उभं. जग्याने अख्खं सूप सरांच्या मांडीवर ओतलं!

"सर, टेबल हललंच नाही हो!"

*

हाउसकीपिंगला पलंग एक, विद्यार्थी बावीस. एका सकाळी बघतो तर खालच्या कारखान्याचे मुकादम रात्रपाळी करून त्यावर घोरतायत. सरांनी हलवलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "साब, होटल का कॉलेज है ना? तो समझो, गेस्ट आया है!"

त्या दिवशी आम्ही बावीस जणांनी पलंगाभोवती उभं राहून नुसत्या नोट्स घेतल्या.

*

जग्याची खरी अडचण घरी होती. काल्हेरला त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिलेली. हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे काउंटरवर बसून बेल वाजवायची, असं त्याने वडिलांना, म्हणजे आबांना, सांगून ठेवलेलं. खरं सांगायची सोय नव्हती. आबांचं एकच वाक्य, "लोकांची उष्टी उचलाची असतील तर शिकाची गरज न्हाय. उद्यापासून गोदामावर ये!"

मग हा स्वयंपाकघराचं दार लोटून आईवर सराव करी. "डावीकडनं वाढायचं, उजवीकडनं उचलायचं," असं मोठ्याने घोकत तिच्याभोवती फिरायचा. ती माउली भाकरी हातात धरून वाट बघायची. शेवटी एकदा वैतागून म्हणाली, "पयलं कालवण वाढ रं, बाजू मंग शोध!"

*

शेवटच्या परीक्षेला सरांनी नियम काढला, की प्रत्येकाने घरचंच एक माणूस गेस्ट म्हणून आणायचं. बाहेरचं कुणी आमच्या हातचं दुसऱ्यांदा जेवायला येत नव्हतं, हे खरं कारण. आई येणार म्हणून जग्या निर्धास्त होता.

आले आबा! पांढरा कडक शर्ट, गळ्यात चेन. "तिला ताप हाय," एवढंच बोलून खुर्चीत बसले. शेजारच्या टेबलावर मी वाढत होतो. जग्याकडे बघवेना.

त्याने डावीकडून भात वाढला. मग मटण वाढलं. बाहेरून आलेले परीक्षक मागे उभे राहून कागदावर मार्क टाकत होते. आबांनी घास उचलला, मागे पाहिलं आणि घास पुन्हा ताटात ठेवला.

"साहेब, तुमी जेवले?"

"मी परीक्षक आहे."

"म्हणून उपाशी? पंगत बसलीय नि माणूस उभा, ह्ये आमच्यात चालत न्हाय!"

आबांनी त्यांना खांद्याला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. नवं ताट मागवलं. "जग्या, वाढ साहेबांना." आणि स्वतः मटणाचं भांडं घेऊन शेजारी उभे! साहेब नको नको म्हणेपर्यंत तिसऱ्यांदा मटण पडलं. पाठारे सरांनी डोळे मिटून घेतले. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

साहेबांचं जेवण झालं. आता ताट उचलायचं. साहेबांचं उष्टं ताट, आणि समोर आबा. जग्याचे हात पुढेच येईनात. मला फार वाईट वाटलं. तीन वर्षांची मेहनत त्या एका ताटापाशी येऊन अडली होती.

आबांनी भांडं खाली ठेवलं आणि हळूच म्हणाले, "उजवीकडनं उचल. रोज आईला काय सांगतोस?"