मागचं डावं चाक

माझा मुलगा शांत असला की पुस्तकी मराठी बोलतो आणि घाबरला की अहिराणीवर येतो. त्या दिवशी सुरतहून फोन आला तेव्हा मी अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसले होते. हात झोंबत होते, म्हणून फोन बाजूच्या सुपात ठेवून मोठ्या आवाजावर लावला.

"माय, मी रविवारले येस आनि गाडी लई जास. आते बस."

अहिराणी ऐकली आणि समजले, प्रकरण गंभीर आहे.

गाडी म्हणजे माझ्या नवऱ्याची जुनी छोटी चारचाकी. तो गेल्यावर मी ती शिकले, म्हातारपणी. आठवड्यातून एकदा लोणखेड्याहून निघायचं आणि मोलगीकडे मुलीला भेटायला जायचं. ती तिकडच्या निवासी शाळेत शिकवते. अक्कलकुवा सोडलं की घाट लागतो, फोनची रेंज जाते, आणि काचेतून वारा येतो तेव्हा मला कुणी "आजी" म्हणणारं आसपास नसतं. ते मला फार आवडतं.

पण मागच्याच फेरीला घाटातल्या एका वळणावर पुढचं चाक पंक्चर होऊन बसलं. मी पाना लावला, ओढला, पायाने दाबला. नट हलेना. बऱ्याच वेळाने मोलगीकडे जाणारी जीप आली. टपावरून चार दांडगे गडी उतरले, आळीपाळीने पान्यावर लोंबकळले, पाना वाकला, नट तसेच. शेवटी जीपवाल्याने आपल्या पंपाने हवा भरून दिली आणि मी थांबत थांबत, परत हवा भरत वर पोचले. मोलगीच्या पंक्चरवाल्याने चाक न काढताच बाहेरून भोकात रबराची वळी भरली. मुलीने ही हकीकत भावाला सांगितली. तिला वाटलं, गंमत सांगतेय.

"एक नट खोलता येत नाही," आता तो पुस्तकी मराठीवर आला होता, "आणि तू घाटात एकटी जातेस. इथे गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी."

"आणि खोलून दाखवला तर?"

तो हसला. मला त्या हसण्याचा राग आला.

"चाक बदलून दाखवते. तुझा हात न लागता. मग गाडी राहील?"

 तो म्हणाला, "त्याच वळणावर. रविवारी. जमलं नाही तर तिथून गाडी सरळ सुरतला." आणि मग, मुलगाच तो, त्याने सल्लाही दिला: "हाताने होणार नाही. बॅटरीवरची नट खोलायची मशीन मिळते. सगळ्यात मोठी घे."

फोन ठेवला आणि मला एक तरणी बाई आठवली. तीच ती, नवी नवरी, मी. नवऱ्याबरोबर पहिल्यांदा गाडीतून निघाली होती आणि वाटेत चाक बसलं. तर ही काय करते? डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढते आणि दूरच्या दगडावर पाठ करून बसते, जणू चाक काढणं म्हणजे परक्या पुरुषाची अंघोळ. नवऱ्याने हाक मारली, "तो पाना दे गं." हिने पाण्याची बाटली नेऊन दिली. वर लाजून म्हणते, "मला बाई त्यातलं काही कळत नाही." हे वाक्य ती पुढे कित्येक वर्षं दागिन्यासारखं घालून मिरवत होती. आज भेटली तर तिच्या हातात वाकलेला पाना देईन आणि घाटात सोडून येईन.

शहाद्याला शेतीअवजारांचं एक दुकान आहे. फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्या, आणि अलीकडे ही मशीनंही. दुकानदार पोक्त माणूस, माझ्या नवऱ्याच्या ओळखीतला. घाटातली हकीकत मी त्याला सांगितली. त्याने गल्ल्यावर तीन मशीनं मांडली आणि त्यातलं सर्वांत जाडजूड माझ्याकडे सरकवलं.

"हाऊ राक्षस शे, मावशी. ट्रकनं चाक भी खोली टाकस."

मी ते उचललं. भरलेली कळशी एका हाताने कडेवर न घेता पुढे धरावी, तसं मनगट खाली गेलं. दुसरं बरंच हलकं. हात लांब करून धरलं तर थरथर झाली नाही. पण दुकानदार मान हलवत होता.

"ते लहान शे. तुन्ही गाडीना नट जर चार गडीस्ना बापले हालनात नही, तं ते काय करी?"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मुलगाही तेच म्हणाला होता. माझ्या जागी दगडावरची ती बाई असती तर राक्षस पिशवीत भरून, मान डोलावून घरी गेली असती. माझीही मान थोडी डोलली, खोटं कशाला सांगू. पण मी म्हटलं, "गाडी बाहेरच उभी आहे. लावून दाखव."

त्याने राक्षसाच्या तोंडाला गोटी बसवली, म्हणजे नटावर टोपीसारखी बसते ती पोकळ वाटी. पुढच्या चाकापाशी बसला. गोटी नटावर ठेवली आणि घोडा दाबला. असा काही दणदणाट झाला की समोरच्या टपरीवरची माणसं चहा सोडून उठली. गोटी नटावरून घसरली, परत बसली, परत घसरली. आणि नटाच्या कोपऱ्यातून लोखंडाचा चकचकीत कीस पडला.

"थांब!" मी ओरडले. "थांब, थांब, नट खातंय ते!"

 कोपरे गेले की नट गोल होणार, आणि गोल नट कुणाच्या बापाला खुलणार नाही. मग रविवारची वाटच बघायला नको. मी चष्मा सारखा केला आणि रस्त्यातच गुडघ्यावर बसले. नटाभोवती काहीतरी तपकिरी, लाखेसारखं कडक जमलं होतं. गोटी आत पूर्ण बसतच नव्हती, वरच्या वर नाचत होती. मी नखाने खरवडलं. तपकिरीच्या खाली लाल निघालं, लालच्या खाली पिवळं.

हळदकुंकू.

दर दसऱ्याला गाडी धुऊन मी चारही चाकांची पूजा करते. हळदकुंकू झालं की प्रत्येक नटाला बोटाने शेंगदाण्याचं तेल. गंजू नये म्हणून. दाराच्या बिजागरीला लावते, शिवणयंत्राला लावते, मग चाकाने काय पाप केलं? नवरा गेल्यापासून एकही दसरा चुकवला नव्हता. आपल्याकडच्या उन्हात, तापलेल्या चाकावर, त्या तेलाचं काय झालं असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. कढईच्या बुडाला बाहेरून जे साचतं तेच. चार गड्यांना हरवलं ते माझ्या भक्तीने.

म्हणजे जोर कमी नव्हताच. गोटी बसत नव्हती, एवढंच. राक्षस आणला असता तर त्याने नट आणखी जोरात खाल्ले असते.

"लहान दे," मी म्हटलं.

"मावशी, विचार करी ल्या."

"केला. त्या राक्षसाला धरूनच माझा हात दुखेल, नट काय खोलणार?"

टपरीवरचं कुणीतरी हसलं. मी लहान मशीन घेतलं. त्याच्याबरोबर एकच बॅटरी होती.

घरी येऊन पुढच्या त्याच चाकाला बसले. रॉकेल, तारेचा ब्रश, जुना स्क्रू-ड्रायव्हर. नट उजळले, गोटी आत खटकन बसली, आणि लहानग्याने चारही नट असे सोडले की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मग तालीम सुरू. काढ, बसव, काढ, बसव. शेजारणी जमल्या. एकीला आवाज ऐकायचा, दुसरीला घोडा दाबून बघायचा. मी ऐकवत होते, दाखवत होते. शनिवारी, रविवारी सकाळीसुद्धा.

रविवारी मुलगा आला.  गाडी त्यानेच चालवली. मी शेजारी बसून मशीनवरचे बारीक दिवे बघत होते. काल तीन लागत होते, आता एकच लागत होता. शेजारणींना ऐकवण्यात बॅटरी संपत आली होती, चार्जिंगला लावायचं राहून गेलं होतं, आणि हे मला कळलं तेव्हा आम्ही तळोद्याच्या पुढे होतो.

एका चाकाला पुरेल, मी मनाशी म्हटलं. स्वच्छ नट, चार दणके.

वळण आलं. त्याने गाडी कडेला सपाटीवर लावली, हातब्रेक ओढला, चावी काढली आणि कठड्यावर जाऊन बसला. मी पदर खोचला, मशीन घेतलं आणि पुढच्या चाकाकडे निघाले.

"ते नाही," तो म्हणाला. "मागचं. डावं."

मी थांबले. पुढचं एक सोडून बाकी तीन चाकांना मी हातही लावला नव्हता.

"का?"

"पंक्चर तुला विचारून होतं का?"

बरोबर होतं. माझाच मुलगा, हट्टही माझाच.  स्टेपनी काढायची म्हणून डिकीतल्या पपया एकेक उचलून पुढच्या सीटवर ठेवल्या. पुढच्या चाकांना दगड लावले. मागच्या चाकापाशी बसले. तीच लाख, तोच रंग.

रॉकेल नव्हतं, ब्रश नव्हता. जॅकच्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याच्या टोकाने मी नटाचे कोपरे खरवडायला लागले. ऊन पाठीवर आलं. तो मधूनच विचारायचा, "काय करतेस?" मी म्हणायचे, "पूजा." गोटी बसवून बघायची, डुगडुगली की काढायची, परत खरवडायचं. घोडा मात्र दाबायचा नाही. एक चुकीचा दणका आणि कोपरा गेला, बॅटरी गेली, गाडी गेली. दाबावंसं इतकं वाटत होतं, की बोट मुठीत धरून बसले.

पहिल्या नटावर गोटी खटकन बसली. दाबला. सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला मशीन कण्हायला लागलं. मी उलट दिशेने जरा फिरवलं, मग सुलट, आणि तोही सुटला. चौथ्यावर गोटी नीट बसली, मी घोडा दाबला, मशीनने एकदा घुर्र केलं आणि दिवा विझला.

कठड्यावरून तो उठला. "माय, बस व्हयनं आते. चाल."

"तू सरक. मन्हं काम शे हाई."

मी पाना घेतला. वाकलेला होता तो मी बदलला होता, नवा होता. आडवा बसवला. दोन्ही हातांनी गाडीच्या टपाची पट्टी धरली आणि पान्याच्या दांड्यावर एक पाय ठेवला. मग दुसरा. लुगड्याचा काठ चपलेत अडकत होता. दांडा खाली गेला नाही. मी जरा उडी मारली.

"माय, पडशी! उतर खाले!"

"हात लावू नको! लावला तर पैज संपली!"

त्याचे हात माझ्या दोन्ही बाजूंना हवेत होते, लागत मात्र नव्हते. त्याच वेळी वरून जीप आली, भरलेली. चालकाने वेग कमी केला, टपावरची सगळी माणसं वाकून बघू लागली: एक म्हातारी पान्यावर नाचतेय आणि धडधाकट पोरगा शेजारी हात पसरून उभा. कुणीतरी पावरी बोलीत काहीतरी बोललं आणि आख्खी जीप हसली. मुलगा लाल झाला. मी परत उडी मारली.

कर्र आवाज झाला आणि दांडा माझ्यासकट खाली आला. मी खरंच पडले असते, पण गाडीला चिकटले होते.

उरलेलं सावकाश केलं. जॅक लावला, चाक उतरवलं. स्टेपनी जड होती, तेव्हा जमिनीवर बसून ती पायांनी ढकलली, पायांनीच उचलली. नट आधी बोटांनी फिरवले, मग समोरासमोरचे घेऊन पान्याने कसले. जॅक काढला, परत कसले.  संपलं तेव्हा तो आला, पाना माझ्या हातातून घेतला आणि चारही नट आपल्या जोराने ओढून बघितले. तोंड वाकडं होईपर्यंत ओढले. एकही हलला नाही.

मी हात पुढे केला. काळाकुट्ट झाला होता.

"चावी."

त्याने मूठ उघडली. चावी घामाने ओली होती, दात्यांचा ठसा त्याच्या तळव्यात उमटला होता. एवढा वेळ खिशातसुद्धा ठेवली नव्हती त्याने.

मी ती पदराला पुसली आणि चालकाच्या जागी जाऊन बसले. तो पुढचं दार उघडून बघत राहिला.

"मागे बस," मी म्हटलं. "पुढे तुझ्या बहिणीच्या पपया आहेत."