वाकड्या ओळींचं खरं कारण

जरा जवळ सरक आणि ऐक. फोनवर "मावशी, गोळ्या घेतल्यास का?" एवढं विचारलं की संपलं होय गं तुझं काम? समोर बसून ऐकशील तर कळेल, गोळ्या मागे कशा लागल्या ते.

गेल्या वर्षी लोणावळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काम करताना दम लागतो का?" हृदय थकलं की त्याचे चार वर्ग करतात म्हणे. कशानेच दम लागत नाही तो पहिला. रोजच्या कामाने लागला तर दुसरा, जरा हललं तरी लागला तर तिसरा, आणि नुसतं बसूनही लागला तर चौथा. माझ्या मनात एकच भीती. तिसऱ्यात टाकलं तर मला भातलावणीला कोण चिखलात उतरू देणार? लग्न होऊन कार्ल्यात आल्यापासून एक पावसाळा चुकवला नव्हता मी.

"मला कुठला दम? पहिला लिहा," मी ठोकून दिलं.

बरोबर धाकटी जाऊ होती. ती उसळली. "खोटं बोलती, डाक्टर! चार रोपं लावली की बांधावर उभी ऱ्हाती अन् आमाला वरडती, ओळी वाकड्या म्हून."

"तेव्हा श्वास कसा असतो यांचा?"

"भात्यावानी!" म्हणाली आणि एकदम थांबली. माझ्याकडे बघतच राहिली. "म्हंजी आक्का... आमच्या ओळी सरळ व्हत्या?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"दोन वर्सं! उपटून परत लावल्या आमी त्या!"

डॉक्टर हसत हसत तिसरा वर्ग लिहून मोकळे झाले. मिठावर हात आखडला, गोळ्या सुरू झाल्या. यंदा सगळं खरं सांगितलं, तर दुसऱ्यात घेतलं. चिखलात नाही, पण बांधावर खुर्ची टाकून रोपांच्या जुड्या सोडून द्यायची परवानगी मिळाली.

पण जावेने ती गोष्ट शेताशेतात पोचवली गं! काल दुसऱ्या खाचरातली एक ओळ खरोखरच वाकडी गेली. मी ओरडले, तर सगळ्या बायका एका सुरात, "दम लागला का, आक्का? पानी देऊ?"

लावणी अजून चार दिवस चालेल. उद्या माझ्याबरोबर बांधावर चल. ती ओळ वाकडी आहे हे तू सांग त्यांना, माझं कोणी ऐकत नाही.